नियमात न बसलेली सायकल

मुलाला सायकल हवी होती आणि आईला ती धोक्याची वाटत होती. पॅरिसला लागून असलेल्या प्युतो गावात शार्ल मोशे यांचा छोट्या, हलक्या मोटारी बनवण्याचा कारखाना होता. घरातल्या या वादावर त्यांनी कारखानदाराला सुचेल तशी तोड काढली. जॉर्जला, म्हणजे मुलाला, त्यांनी पायडल मारून चालवायची चारचाकी बनवून दिली. पोरगा पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण जॉर्ज त्या गाडीत बसून आजूबाजूच्या सायकलवाल्या पोरांना मागे टाकू लागला, तेव्हा बापाच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरायला लागलं.

ही १९२०च्या दशकातली गोष्ट. मोशेंनी मग मोठ्यांसाठी तशीच गाडी काढली. शेजारी-शेजारी दोघं बसणार, दोघंही पायडल मारणार. तिचं नाव 'व्हेलोकार'. ज्यांना मोटार परवडत नव्हती अशांनी ती घेतली आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तर तिला आणखीच मागणी आली. एक खोट मात्र होती. गाडी वेगात वळणावर घातली की आतली चाकं उचलली जात. मोशेंनी तीन चाकांचे प्रयोग केले आणि शेवटी गाडी उभी चिरल्यागत तिची अर्धी बाजू तेवढी ठेवली: दोन चाकं, मधे खुर्ची, पुढे क्रँक. माणूस पाठ टेकून, पाय समोर करून बसणार. एका आईची धास्ती कमी करायला निघालेला माणूस फिरून दोन चाकांवरच आला, पण बसायची पद्धत बदलून.

ही सायकल शर्यतीत उतरवायला नावाजलेला गडी मिळेना, कारण हसं होण्याची भीती. तयार झाला तो फ्रान्सिस फोर. टूर द फ्रान्समध्ये नाव कमावलेल्या बनोआ फोरचा हा धाकटा भाऊ, स्वतः दुसऱ्या फळीतला. ट्रॅकवर इतरांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. मग तो त्यांच्या पुढे गेला आणि पुढेच राहिला. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४पासून कुणाला हलला नव्हता. जवळपास वीस वर्षं पहिल्या फळीतले लोक ज्याच्यावर डोकं आपटत होते, ते काम दुसऱ्या फळीतल्या माणसाने खुर्चीत बसून केलं. सायकलवाल्यांना हे झोंबणारच होतं.

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेपुढे प्रश्न आला: जिंकलं कोण, माणूस की यंत्र? फेब्रुवारी १९३४च्या अधिवेशनात खडाजंगी झाली, आणि शर्यतीची सायकल म्हणजे काय याची व्याख्या १ एप्रिलला जाहीर झाली. क्रँकचा आस जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटर उंचीवर हवा. तिथपासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर ५८ ते ७५ सेंटिमीटर. आणि सीटचं पुढचं टोक क्रँकच्या फार तर १२ सेंटिमीटर मागे. पाठ टेकून बसायचं म्हटलं की सीट क्रँकच्या कितीतरी मागे जाते. मोशेंची सायकल एका फटक्यात बाद झाली. फोरचा आकडा वेगळ्या वहीत, 'मानवी शक्तीवर चालणारी वाहनं' अशा रकान्यात ढकलला गेला. शार्ल मोशे त्याच वर्षी वारले.

फोर थांबला नाही. मार्च १९३९मध्ये, सायकलीवर वारा कापणारं कवच चढवून, त्याने तासाला ५०.५३७ किलोमीटर गाठले. पुढे कुणी मोटारसायकलचा आडोसा दिलेला नसताना एका तासात पन्नासची वेस ओलांडणारा हा पहिला माणूस. पण तोवर सायकलच्या जगाने त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

या बंदीवर अशा आडव्या सायकलींचे भक्त फार रडतात. त्यांचं म्हणणं असं की ही बंदी नसती, तर आज आपण सगळे रेलून सायकल चालवत असतो. मला हे पटत नाही. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला सायकल संघटनेच्या ठरावाचं काय सोयरसुतक? उभी सायकल टिकली ती तिच्या गुणांवर. तिची चौकट थोड्या नळीत भक्कम होते, चेन छोटी लागते, चढ आला की पायडलवर उभं राहता येतं आणि गर्दीत समोरच्या गाडीच्या टपावरून पलीकडचं दिसतं. बंदीने वेगळंच काहीतरी घडलं. शर्यत नाही म्हणजे जाहिरात नाही, जाहिरात नाही म्हणून मोठा कारखाना नाही, आणि कारखाना नाही म्हणून ज्याला ही सायकल हवी त्याने ती स्वतः बनवायची. उभ्या सायकलचा इतिहास कंपन्यांच्या कॅटलॉगांत सापडतो. आडव्या सायकलचा इतिहास मात्र मागच्या अंगणात, गॅरेजमध्ये, भंगाराच्या ढिगाशेजारी शोधावा लागतो, आणि माझ्या मते ती तिची खरी श्रीमंती आहे.

स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात 'फँटम' नावाच्या पायडलगाडीचे नकाशे विकायला आले होते. लाखाहून जास्त नकाशे खपले म्हणतात, पण पुऱ्या झालेल्या गाड्या अगदी थोड्या. नकाशा विकत घेण्यात आणि पहिला पाईप कापण्यात किती अंतर असतं, ते ज्याने घरी काहीही बनवायला घेतलंय त्याला सांगायला नको.

पुढची हालचाल अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या विद्यापीठात चेस्टर काइल हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन सायकलला वारा किती अडवतो ते मोजत होते. पद्धत साधी: सायकलला वेग द्यायचा, पायडल सोडायचे आणि ती किती लवकर मंदावते ते बघायचं. एप्रिल १९७५मध्ये त्यांनी अर्विनडेल इथे शर्यत भरवली, आणि तिथे नियम जवळपास एकच होता. गाडी माणसाच्या ताकदीवर चालली पाहिजे, मग ती दिसो कशीही. जिंकणारी गाडी ताशी ७२ किलोमीटरच्या पुढे गेली. पुढच्याच वर्षी या लोकांनी स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. १९८६मध्ये गार्डनर मार्टिन यांनी बनवलेल्या 'गोल्ड रश'वर फ्रेड मार्कमने ताशी ६५ मैलांची, म्हणजे साधारण १०५ किलोमीटरची हद्द ओलांडली आणि त्यासाठी ठेवलेलं ड्यूपाँट कंपनीचं बक्षीस पटकावलं. इकडे एमआयटीचे डेव्हिड गॉर्डन विल्सन हे सायकलच्या शास्त्रावर जाडजूड पुस्तक लिहिणारे गृहस्थ स्वतः आडव्या सायकलवरून कामाला जात. २०१६मध्ये टोरांटोच्या एका गटाने 'ईटा' नावाची अंड्याच्या आकाराची बंद सायकल नेवाडातल्या बॅटल माउंटनला नेली, आणि टॉड रायशर्टने सपाट रस्त्यावर नुसत्या पायांच्या जोरावर ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला. मोटारींना महामार्गावर दंड होतो तो याहून कमी वेगाला.

हे आकडे वाचून कुणालाही वाटेल की आडवं झालं की पायांत जादा ताकद येते. तसं काही होत नाही. पाय तेच, ताकद तीच. बदलतं ते एवढंच की समोरून येणाऱ्या वाऱ्याला माणूस कमी दिसतो. हिशेब करून बघू. सपाट रस्ता, वारा पडलेला, वेग ताशी ३० किलोमीटर. ताठ बसलेल्या माणसाला वारा कापायला साधारण १७५ वॉट लागतात. मागे रेललेल्याला शंभराच्या आसपास. टायर रस्त्यावर घासण्यात दोघांचेही चाळीस-पंचेचाळीस जातात. म्हणजे उभ्या सायकलवाला जेवढ्या दमात ३० गाठतो, तेवढ्यातच आडवा ३५वर जातो. पण वाऱ्याचा हा हिशेब वेगाच्या घनाने चालतो. वेग निम्मा केला की वाऱ्याला लागणारी ताकद एक अष्टमांशावर येते. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी ज्या वेगाने सायकल चालते, त्या वेगाला आडव्या सायकलचा फायदा जवळजवळ शून्य. हा मुद्दा सायकल बनवण्याआधी स्वतःला दोनदा सांगितलेला बरा.

मग बनवायची कशाला? माझं उत्तर वेगाचं नव्हतं. दोन तास उभी सायकल चालवली की माझ्या तळहातांना मुंग्या येतात, मान आखडते, आणि सीटबद्दल तर चारचौघांत बोलायची सोय नाही. आडव्या सायकलवर हातांवर वजन नसतं, मान सरळ राहते आणि बैठकीला अख्खी पाठ मिळते. तयार सायकल परदेशातून मागवली तर जकातीसह जी किंमत होते, तेवढ्यात आपल्याकडे मोटारसायकल येते. म्हणून मी पुण्याच्या धायरीतल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो. दुकानाचे मिस्त्री गेट, जिने आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात. चित्र बघून ते बराच वेळ गप्प राहिले.

"साहेब, हे गेट नाही. गेट दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर बिजागरी सांभाळून घेते. हिला कोण सांभाळणार?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो, मिस्त्री."

"आलात ते बरं केलं. पण झोपून चालवायची तर खाटच करून देतो की!"

पहिला प्रश्न मांडणीचा. आडव्या सायकलीचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. एकात पुढचं चाक गुडघ्यांखाली येतं आणि क्रँक त्याच्याही पुढे हवेत असतो. ही सायकल आटोपशीर आणि चपळ, पण क्रँक उंच असल्याने थांबताना पाय जमिनीवर आणायला वेळ लागतो आणि वळताना टाच चाकाला लागते. दुसऱ्या पंथात पुढचं चाक पार पुढे, क्रँक त्याच्या मागे खाली. ही लांबलचक, वळायला ऐसपैस जागा मागणारी, पण शिकायला सोपी. तिच्यात वजनाचा जेमतेम चौथा हिस्सा पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे रेतीवर पुढचं चाक सुटायची भीती राहते. आम्ही लांबवाली निवडली: दोन आसांमधलं अंतर १६५ सेंटिमीटर, पुढे लहान मुलांच्या सायकलचं २० इंची चाक, मागे २६ इंची. टोकापासून टोकापर्यंत सव्वादोन मीटर. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ती मावेल का, हे मिस्त्रींनी मला सायकल व्हायच्या आधीच विचारून घेतलं होतं; मावत नाही.

मिस्त्री कागदावर काम करत नाहीत. त्यांनी दुकानाच्या फरशीवर खडूने सायकल पुऱ्या मापात काढली. मग मला भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसवलं, बूट घालायला लावले, तळव्यांना फळी दाबून धरली आणि भिंतीपासून फळीपर्यंत टेप लावला. उभ्या सायकलीत सीट वर-खाली केली की कुणाचंही भागतं. आडवीत हे एकच माप सगळं ठरवतं; ते चुकलं तर एकतर गुडघे दुखतात किंवा पाय पुरत नाही. म्हणूनच सीट पुढे-मागे सरकवता येईल अशी सोय हवीच, नाहीतर ती सायकल घरात दुसऱ्या कुणाच्याच कामाची राहत नाही.

मग पाईप. मधला कणा एकच, चौकोनी. बाजारात सहज मिळतो तो ४० बाय ४०चा, दोन मिलिमीटर जाडीचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पाईप, मीटरला २.४ किलोच्या आसपास. त्याच जाडीचा ६० बाय ४० घेतला आणि साठची बाजू उभी ठेवली, तर मीटरमागे सहाशे ग्रॅम वाढतात, पण वाकवणाऱ्या भाराचा ताण चाळीस टक्क्यांहून जास्त उतरतो. माणसाचं वजन दोन चाकांच्या मधे लोंबत असतं आणि खड्ड्यात त्याचा धक्का दुपटी-तिपटीने बसतो, तेव्हा सहाशे ग्रॅमचा कंजूसपणा करण्यात अर्थ नाही. हा हिशेब मी कागदावर मांडला. मिस्त्रींनी तो बघितलाही नाही. दोन्ही पाईप विटांवर आडवे टाकून ते मधोमध उभे राहिले, जरा उड्या मारल्या आणि म्हणाले, "साठवाला."

जीआय पाईप मात्र त्यांनी हाताळू दिला नाही. जस्ताचा मुलामा असलेला पाईप वेल्ड केला की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. ज्यांनी घराच्या घरी वेल्डिंग करायचं ठरवलंय त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

बाकीचे भाग जुन्या बाजारातून आले. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात सायकली सुट्या होऊन येतात. आम्हाला हवी होती एक गिअरची २६ इंची, जिची चौकट पुढून वाकलेली पण मागचा त्रिकोण शाबूत. अशी सायकल भंगाराच्या भावाने मिळते, कारण इतरांच्या लेखी ती मेलेली असते. तिचा मागचा त्रिकोण, क्रँकचा आस बसतो ती बीबीची नळी आणि चिमटा बसतो ती पुढची हेडची नळी कापून घेतली. कॅनडाच्या ब्रॅड ग्रॅहॅम आणि कॅथी मॅकगोवन या जोडीने हीच कापाकापी शिकवणारी पुस्तकं लिहिली आहेत, आणि त्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण हेच आहे. ज्याला बारीक आटे पाडावे लागतात किंवा छऱ्यांची वाटी बसवावी लागते असं काहीही नव्याने करायला जाऊ नका, तयार कापून आणा. बीबीचा उजवा कप उलट्या आट्याचा असतो. जो हे विसरतो तो दोन हातांनी पाना ओढून तो आणखी घट्ट करत बसतो. जुन्या बाजारातल्या पोराने आमचा कप एका झटक्यात सोडवला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

हेडची नळी कण्याला कुठल्या कोनात जोडायची, हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत नाजूक निर्णय. हेडच्या नळीची रेघ जमिनीला जिथे भिडते तो बिंदू आणि चाक जिथे टेकतं तो बिंदू, या दोहोंत थोडं अंतर असावं लागतं. चाक त्या रेघेच्या मागे टेकलं पाहिजे. त्याने सायकल सरळ धावायला मदत होते. आमचं २० इंची चाक, तीन सेंटिमीटर पुढे वाकलेला चिमटा आणि ७० अंशांचा कोन, यातून हे अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास येतं. तोच कोन ६० अंश केला तर ते अकरावर जातं. मग वेगात सायकल झक्क सरळ जाते, पण हळू चालवताना हॅण्डल आपल्याच वजनाने एका बाजूला कोसळतं. जुन्या अमेरिकी चित्रपटांतल्या लांब चिमट्याच्या मोटारसायकली ऐटदार दिसतात, आणि घरी बनवणाऱ्याला तो कोन करायचा मोह होतो. करू नये.

मिस्त्रींनी मागच्या आसाच्या दोन्ही टोकांपासून हेडच्या नळीपर्यंत दोरी ताणली. दोन्हीकडची दोरी कण्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत नुसते टाके मारले. पातळ पाईप म्हणून अडीच मिलिमीटरचा रॉड. जाड रॉडने क्षणात भोक पडतं. पुरं वेल्डिंग करताना इकडे दोन सेंटिमीटर, मग समोरच्या बाजूला दोन सेंटिमीटर, मग थांबायचं, हात लावून बघायचं, पुन्हा दोरी. एकाच बाजूला ओढून वेल्ड मारला तर लोखंड गार होताना आपल्याकडे खेचतं आणि चौकट केळ्यासारखी होते, असं ते म्हणाले. एरवी दिवसाला दोन गेट उडवणारा हा माणूस त्या चौकटीपाशी ज्या सावकाशीने बसला होता, ते बघायला शेजारच्या दुकानांतले लोक येऊन उभे राहत.

चेनची गंमत वेगळीच. साधी चेन दीड मीटरला थोडी कमी असते. आम्हाला लागली तीन मीटर, म्हणजे दोन चेनी जोडल्या तरी छोटासा तुकडा वरून लावावा लागला. एवढी लांब चेन खालून लोंबते, हिंदकळते आणि कण्यावर टकटक वाजते, म्हणून परतीच्या बाजूला एक कप्पी. ओढणाऱ्या बाजूला शक्यतो कप्पी लावू नये. लावायचीच झाली तर दात्यांची लावावी, कारण पायाचा सगळा जोर तिथूनच जातो आणि प्लॅस्टिकची गुळगुळीत कप्पी तिथे फार दिवस टिकत नाही.

सीटवर माझा आणि मिस्त्रींचा वाद झाला. परदेशी सायकलींवर फायबरची घडीव सीट असते किंवा ताणलेली जाळी. मला फायबर हवं होतं. मिस्त्रींनी गोल पाईप वाकवून, जमिनीशी साधारण पन्नास अंशांत रेलणारी एक चौकट केली आणि तिच्यावर नायलॉनची नवार विणली, दोन उभी, एक आडवी, बाजेवर विणतात तशी. घाम येत नाही, धक्का जिरतो, सैल पडली की पुन्हा ताणता येते आणि फाटली तर रविवार पेठेत मीटरवर मिळते. फायबरचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

वजन वीस किलोंच्या वर गेलं. काळ्या दांड्याच्या सायकलीचंही तेवढंच असतं, पण काळ्या सायकलीवर मागे दुधाचे कॅन येतात.

चालवणं. तळहातावर लांब काठी उभी धरता येते, पेन्सिल धरता येत नाही. जे उंच आहे ते सावकाश पडतं आणि हाताला सावरायला वेळ देतं. आडव्या सायकलवर माणूस खाली असतो, म्हणून ती लवकर झुकते आणि तितक्याच लवकर सावरावी लागते. उभ्या सायकलवर आपण नकळत कंबर हलवून तोल धरतो. इथे पाठ सीटला चिकटलेली, तेव्हा सगळं काम हॅण्डलचं, आणि तेही बोटांच्या टोकांनी. नवखा माणूस घाबरून हॅण्डल आवळतो आणि पायडलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर सायकल नागमोडी होते. शिकायची युक्ती एकच: हलका उतार शोधायचा, पाय वर घ्यायचे, पायडल न मारता नुसतं घरंगळायचं. मग एक पायडल वर आणून पहिला जोर निश्चयाने द्यायचा. कचरलात की बाजूला. धायरीच्या मागच्या रस्त्यावर पोरांचा घोळका बरोबर धावत असताना हे शिकणं म्हणजे वेगळाच कार्यक्रम असतो. कुत्री तर डोळ्याला डोळा भिडवून भुंकतात, कारण आता आपण त्यांच्याच उंचीवर आलेलो असतो.

चढावर तिची खरी परीक्षा. पायडलवर उभं राहणं नाही, तेव्हा गिअर बारीक हवेत. पुढे २८ दाते, मागे ३४, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला सत्तर फेरे मारले तर ताशी सात किलोमीटर, आणि तेवढ्या हळू वेगात तोल सांभाळायचा. कात्रजचा घाट मी चढलो. मला मागे टाकून गेलेल्यांत एक आजोबाही होते, साध्या सायकलवर. त्यांनी वळून विचारलं, "काय हो, पाय दुखतो का?" उतारावर मी त्यांना पुन्हा गाठलं. तिथे मात्र ही सायकल काय चीज आहे ते कळतं. वारा अंगावरून जातो, अंगावर येत नाही.

आपल्या रस्त्यांचा हिशेब मांडून माझं मत असं झालं आहे की युरोपातली जमिनीसरपट सायकल इथे आणू नये. सीट किमान ५५-६० सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे मोटारीच्या खिडकीतून आपलं डोकं दिसतं. खड्डा दिसला की उभ्या सायकलवर आपण ढुंगण उचलतो. इथे उचलता येत नाही, सगळा दणका मणक्यात येतो. म्हणून टायर जाड, हवा थोडी कमी. मागे काठीला झेंडा लावावाच, आणि त्याची लाज वाटू देऊ नये.

खरं बघितलं तर खुर्चीत बसून चेनीवर चालवायचं वाहन आपल्याकडे केव्हापासून आहे. अपंगांची हाताने फिरवायची तीनचाकी प्रत्येक तालुक्याच्या गावात दिसते. छातीपुढचा हातक्रँक, खाली जाणारी लांब चेन, मागे टेकायला पाठ. कानपूरला १९७२मध्ये निघालेल्या सरकारी 'अलिम्को'ने अशा तीनचाक्या देशभर पोचवल्या. त्यांचे मालक त्यांत गिअर घालतात, सामानाचं कॅरिअर वाढवतात, छत लावतात आणि टपरीही थाटतात. हातात पाना घेऊन वाहन आपल्या अंगाला जुळवून घेणारी ही माणसं कुठल्याही परदेशी क्लबपेक्षा या कामात मुरलेली आहेत, आणि त्यांच्याकडे कुणी त्या नजरेने बघत नाही. फलटणला निंबकर संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा हलकी करून तिला गिअर दिले, तो याच जातीचा प्रयत्न. अभियांत्रिकीची पोरंही 'एफिसायकल' स्पर्धेसाठी दोघांनी चालवायच्या तीनचाक्या बनवतात. त्यांत बैठक बहुतेक वेळा मागे रेललेलीच असते. स्पर्धा संपली की ती वाहनं कॉलेजच्या आवारात गंजत पडतात, हे बघून वाईट वाटतं. त्यांतल्या एखाद्या तीनचाकीला नवार विणून कुणी तरी भाजी आणायला वापरली पाहिजे.

रस्त्यावर चालवायला या सायकलला कसलीही परवानगी लागत नाही. आपला मोटार वाहन कायदा इंजिन किंवा मोटरवर चालणाऱ्या वाहनांना लागू होतो. माणसाने पाठ टेकून पायडल मारावं की न टेकता, याबद्दल तो गप्प आहे. सिंहगड रस्त्यावर मला एकदा हवालदारांनी थांबवलं. त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून मोटर शोधली, सापडली नाही. मग सीटची नवार बोटाने दाबून बघितली आणि ही कुणी विणली, असं विचारलं. मी मिस्त्रींचं दुकान सांगितलं.

मिस्त्रींच्या डोक्यात आता दुसरी सायकल आहे. त्यांना तीन चाकं हवीत, दोन पुढे आणि एक मागे, म्हणजे त्यांची गुडघेदुखीवाली आई तोल न सांभाळता गल्लीच्या टोकाला जाईल. दोन्ही पुढची चाकं वळणावर वेगवेगळ्या कोनात वळावी लागतात, त्यासाठी जोडदांड्याच्या खिळी नेमक्या कुठे याव्यात, यावर आमचं अडलंय. फरशीवर खडूने काढलेली सायकल अजून पुसलेली नाही. गेटचं काम सध्या बाहेर फुटपाथवर चालतं.